पैसे मागितले, की दिले? कॅम न्यूटन प्रकरण आणि त्याभोवती उठलेल्या वावड्या

४ नोव्हेंबर २०१० रोजी ईएसपीएन आणि न्यूयॉर्क टाइम्स या दोघांनीही एकच बातमी दिली. अलाबामा राज्यातल्या ऑबर्न विद्यापीठाच्या फुटबॉल संघाने त्या हंगामात ९ पैकी ९ सामने जिंकले होते. संघ ज्याच्या जिवावर जिंकत होता तो २१ वर्षांचा कॅम न्यूटन देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू ठरणार, अशी चर्चा होती. बातमी अशी होती की, न्यूटन कॉलेज निवडत असताना त्याच्या वतीने बोलतो असे सांगणाऱ्या एका माणसाने पैसे मागितले होते. रक्कम सुमारे १ लाख ८० हजार डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावाने ८० लाख रुपयांच्या आसपास.

ही मागणी झाली होती मिसिसिपी स्टेट या दुसऱ्याच विद्यापीठाकडे. ऑबर्नने कोणाला एक डॉलरही दिला, असे त्या बातमीत कुठेही नव्हते. पण न्यूटन खेळत होता ऑबर्नकडून, आणि लोकांनी वडाची साल पिंपळाला लावायला वेळ घालवला नाही. ‘तिथे मागितले, तिथे गेला नाही, इथे आला, म्हणजे इथे मिळाले असणार.’ पुढचे जवळजवळ वर्षभर जे काही घडले, ते या एका ‘असणार’भोवती घडले. मला हे प्रकरण महत्त्वाचे वाटते ते यासाठी की, त्यात काय सिद्ध झाले आणि काय झाले नाही याची रेघ अगदी स्पष्ट काढता येते. तरीही ती रेघ पाहायला फार थोडे लोक तयार होते.

आधी खेळ आणि त्याचे नियम

इथला फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून, अंडाकृती चेंडूने खेळायचा अमेरिकन फुटबॉल. त्यात क्वार्टरबॅक हा संघाचा मेंदू असतो. प्रत्येक डावपेच त्याच्या हातून सुरू होतो. चांगला क्वार्टरबॅक मिळाला तर मधल्या फळीतला संघ एका हंगामात शिखरावर जाऊ शकतो. ऑबर्नने २००९ मध्ये ८ सामने जिंकले होते आणि ५ गमावले होते. २०१० मध्ये न्यूटन आला आणि संघ १४ पैकी १४ सामने जिंकला.

अलाबामा राज्यात व्यावसायिक फुटबॉलचा, म्हणजे एनएफएलचा, एकही संघ नाही. त्यामुळे राज्याची सगळी माया आणि सगळे वैर दोन विद्यापीठांत वाटले गेले आहे: ऑबर्न आणि अलाबामा. दरवर्षी नोव्हेंबरअखेर होणाऱ्या त्यांच्या सामन्याला ‘आयर्न बोल’ म्हणतात. अलाबामाच्या टस्कलूसा इथल्या मैदानात एक लाखाहून जास्त माणसे बसतात. तिकडे एम.एस. करायला गेलेल्या मराठी मुलामुलींनाही सप्टेंबर उजाडला की समजते, शनिवारी गावात दुसरे काही होत नाही. ‘तू कोणाचा?’ हा प्रश्न परक्या माणसालाही विचारला जातो, आणि ‘कोणाचाच नाही’ हे उत्तर कोणी ऐकून घेत नाही.

आता नियम. कॉलेजांच्या खेळांचा कारभार पाहणाऱ्या संस्थेचे नाव एनसीएए. २०१० मध्ये तिचा पाया एकाच तत्त्वावर उभा होता: खेळाडू हा विद्यार्थी आहे, व्यावसायिक नव्हे. त्याला शिष्यवृत्ती मिळेल, म्हणजे फी, राहणे, जेवण, पुस्तके. त्यापलीकडे काहीही घेतले तर तो खेळायला अपात्र. आयपीएलच्या लिलावात खेळाडूवर उघड बोली लागते आणि आकडा सगळ्या देशाला कळतो. इथे बोली लावणे हाच गुन्हा होता. म्हणून शाळकरी वयातल्या खेळाडूला आपल्याकडे ओढण्यासाठी प्रशिक्षक त्याच्या घरी जात, आईबापांशी गप्पा मारत, मैदान आणि वसतिगृह दाखवत, पुढे एनएफएलचा रस्ता कसा सोपा होईल ते सांगत. या साऱ्याला ‘रिक्रूटिंग’ म्हणतात.

आणि पैसा? तो भरपूर होता, फक्त खेळाडूच्या वाट्याला नव्हता. ऑबर्न ज्या गटात खेळते त्या एसईसी गटाने ईएसपीएनशी १५ वर्षांचा करार केला होता, सुमारे सव्वादोन अब्ज डॉलरचा. राष्ट्रीय विजेतेपद मिळाल्यावर ऑबर्नचे प्रशिक्षक जीन चिझिक यांचा पगार वर्षाला ३५ लाख डॉलरपर्यंत गेला. ज्या मुलाने ते विजेतेपद मिळवून दिले त्याच्या घरच्यांनी १ लाख ८० हजार मागितले, तर तो घोटाळा. ही व्यवस्था मला तेव्हाही अन्यायाची वाटत होती आणि आजही वाटते. पण अन्यायाचा नियमही नियमच असतो, आणि तो मोडला का, हा प्रश्न वेगळा तपासावा लागतो.

नियम असा असला की मागच्या दाराने व्यवहार होणार हे उघड आहे. संघावर जीव टाकणारे श्रीमंत माजी विद्यार्थी, ज्यांना तिकडे ‘बूस्टर’ म्हणतात, ते पाकिटे पोचवत आल्याची प्रकरणे आधी सिद्ध झाली होती. १९८७ मध्ये टेक्ससच्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाचा सगळा हंगाम एनसीएएने रद्द केला, कारण तिथे खेळाडूंना नेमाने पैसे दिले जात होते. आणि न्यूटनची बातमी यायच्या अवघे दोन महिने आधी, सप्टेंबर २०१० मध्ये, रेजी बुशने आपला हाइझमन करंडक सोडून दिला होता. वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूला मिळणारा हा मान त्याने २००५ मध्ये मिळवला होता. कॉलेजात असताना त्याने आणि कुटुंबाने एजंटांकडून पैसा आणि सोयी घेतल्याचा ठपका त्याच्यावर आला होता. म्हणजे वाचकाच्या मनात आधीच एक साचा तयार होता. न्यूटनची गोष्ट त्या साच्यात अलगद बसली.

न्यूटनचा रस्ता

कॅम न्यूटन जॉर्जियाचा. २००७ मध्ये तो फ्लोरिडा विद्यापीठात गेला. तिथे टिम टीबो हा त्या काळातला सर्वांत गाजलेला क्वार्टरबॅक खेळत होता आणि न्यूटन त्याच्यामागे बाकावर. नोव्हेंबर २००८ मध्ये चोरीचा लॅपटॉप जवळ असल्यावरून त्याला अटक झाली. पहिलाच गुन्हा असणाऱ्यांसाठीचा सुधारणा कार्यक्रम त्याने पुरा केला आणि आरोप मागे घेतले गेले. मग तो टेक्ससमधल्या ब्लिन या दोन वर्षांच्या छोट्या कॉलेजात गेला आणि २००९ मध्ये त्याने त्या कॉलेजला ज्युनियर कॉलेजांचे राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले. आता तो पुन्हा मोठ्या विद्यापीठात जायला मोकळा होता. शर्यतीत पुढे होती मिसिसिपी स्टेट, कारण तिथले प्रशिक्षक डॅन मुलन फ्लोरिडात त्याच्यासोबत होते. शेवटी तो ऑबर्नला गेला.

या निवडीच्या काळात काय झाले, ते जॉन बॉण्ड यांनी सांगितले. बॉण्ड हे १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला मिसिसिपी स्टेटचे क्वार्टरबॅक होते. त्यांच्या म्हणण्यानुसार त्यांच्यासोबत खेळलेल्या आणि पुढे खेळाडू-एजंटांच्या वर्तुळात वावरणाऱ्या एका माणसाने निरोप दिला: न्यूटन हवा असेल तर पैसे लागतील. दुसऱ्या एका माजी खेळाडूने तर हप्तेही सांगितले. सही झाल्यावर ८० हजार, महिन्याने ५० हजार, आणखी महिन्याने ५० हजार. मधला माणूस पुढे रेडिओवर बोलला आणि म्हणाला की मागणी न्यूटनच्या वडिलांची होती, एक लाख ते एक लाख ऐंशी हजारांच्या दरम्यान. वडील सेसिल न्यूटन हे जॉर्जियातल्या न्यूनन गावात एका चर्चचे पाद्री.

मिसिसिपी स्टेटने हे प्रकरण एसईसी गटाच्या कार्यालयाला जानेवारी २०१० मध्येच कळवले होते आणि जुलैमध्ये आणखी तपशील दिला होता. म्हणजे बातमी फुटली तेव्हा ती दहा महिने जुनी होती. ती नेमकी ऑबर्न विजेतेपदाच्या उंबरठ्यावर असताना का फुटली, यावरून ऑबर्नच्या चाहत्यांनी पहिली वावडी उठवली: हरलेल्यांनी सूड उगवला. याला पुरावा कोणी दिला नाही.

तीन वेगळे प्रश्न

सगळी गुंतागुंत सोडवायची तर तीन प्रश्न वेगळे धरायला हवेत. पैसे कोणी मागितले का? पैसे कोणी दिले का? आणि मुलाला ते माहीत होते का?

पहिल्याचे उत्तर एनसीएएने दिले: हो, मागितले गेले. दुसऱ्याचे उत्तर: दिल्याचा पुरावा मिळाला नाही. तिसऱ्याचे उत्तर: मुलाला माहीत होते असे दाखवणारा पुरेसा पुरावा नाही. पण नोव्हेंबर २०१० मध्ये ही उत्तरे यायची होती, आणि मधल्या काळात हे तिन्ही प्रश्न एकात एक मिसळून गेले.

९ नोव्हेंबरला ईएसपीएनने आणखी एक बातमी दिली. मिसिसिपी स्टेटच्या रिक्रूटिंगशी संबंधित पण नाव न सांगणाऱ्या लोकांच्या हवाल्याने तीत म्हटले होते की, न्यूटनने स्वतः फोन करून खंत व्यक्त केली आणि पैसा फार होता म्हणून वडिलांनी ऑबर्न निवडले असे सांगितले. हे एक वाक्य खरे ठरले असते तर तिन्ही प्रश्नांची उत्तरे एकदम मिळाली असती. म्हणूनच त्यावर सगळ्यांत जास्त संशय घ्यायला हवा होता. सांगणाऱ्याचे नाव नाही. सांगणारा गट न्यूटनला गमावलेला. फोनचे ध्वनिमुद्रण नाही. बातमीदारांनी हे लपवले नव्हते, हेही मी त्यांच्या बाजूने सांगेन. स्रोत निनावी आहेत हे बातमीतच होते. पण बातमी दुसऱ्याच्या तोंडी गेली की पहिल्यांदा गळतो तो स्रोत. ‘नाव न सांगणाऱ्या दोघांच्या म्हणण्यानुसार’ हे शब्द तिसऱ्या माणसापर्यंत पोचतच नाहीत. त्याच्यापर्यंत पोचते ते ‘त्याने स्वतः कबूल केले’.

त्याच दिवसांत फॉक्स स्पोर्ट्सने तिसरीच गोष्ट बाहेर काढली: फ्लोरिडात असताना न्यूटनवर परीक्षेतल्या आणि गृहपाठातल्या फसवणुकीचे आरोप होते. याचा रिक्रूटिंगच्या पैशाशी काडीचाही संबंध नव्हता. अमेरिकेत विद्यार्थ्याची शैक्षणिक कागदपत्रे कायद्याने गोपनीय असतात, त्यामुळे विद्यापीठ हो किंवा नाही काहीच म्हणू शकत नव्हते. प्रशिक्षक चिझिक पत्रकार परिषदेत भडकले आणि हे सगळे निव्वळ कचरा आहे असे म्हणाले. वाचकाच्या मनावर मात्र परिणाम झालाच. लॅपटॉप, कॉपी, पैसे: तिघांची एक माळ तयार झाली, आणि एका मण्याचा पुरावा दुसऱ्या मण्याला लागू होऊ लागला. माणसाचे जुने चुकणे हा नव्या आरोपाचा पुरावा नसतो. हे कोर्टाला ठाऊक असते, चहाच्या टेबलाला नसते.

कोणी बोलत का नव्हते

वावड्या वाढल्या त्यामागे माणसांचा स्वभाव होता तसे एक साधे यांत्रिक कारणही होते. ज्यांना माहीत होते त्यांना बोलता येत नव्हते. एनसीएए चालू चौकशीवर बोलत नाही. चौकशीत असलेल्या विद्यापीठाला वकील गप्प राहायला सांगतात. मिसिसिपी स्टेटचे प्रशिक्षक साक्षीदार होते, म्हणून तेही गप्प. न्यूटन रोज सराव करत होता आणि प्रश्न टाळत होता. रोज चोवीस तास चालणाऱ्या क्रीडावाहिन्यांना आणि फोनवर चालणाऱ्या रेडिओ कार्यक्रमांना मात्र वेळ भरून काढायचा होता. ज्यांना काही माहीत नव्हते त्यांच्याकडेच माइक होता.

बर्मिंगहॅममधून चालणारा पॉल फाइनबॉम यांचा रेडिओ कार्यक्रम त्या काळात अलाबामाचा चव्हाटा होता. रोज दुपारी दोन्ही बाजूंचे लोक फोन करत, रागावत, शपथा घेत. याच सुमारास राज्यात एक वेगळाच खटला गाजत होता. कॅसिनोचा एक मालक आणि काही आमदार यांच्यावर लाचखोरीचा आरोप होता, आणि त्या तपासात एफबीआयने फोनवरची संभाषणे ध्वनिमुद्रित केली होती. तिकडे जॉन बॉण्ड यांच्या वकिलाने सांगितले की एफबीआयला बॉण्ड यांच्याशी बोलायचे आहे. या दोन खऱ्या गोष्टींना कोणीतरी टाका घातला आणि तिसरी जन्माला आली: एफबीआयच्या टेपमध्ये न्यूटनच्या पैशांचा व्यवहार सापडला आहे, आता काही दिवसांचाच प्रश्न आहे. ते दिवस कधी आले नाहीत. तशी टेप कधी समोर आली नाही. कॅसिनो प्रकरणात काहींनी गुन्हा कबूल केला होता, पण ज्यांनी खटला लढवला ते आरोपी पुढे निर्दोष सुटले.

मला वाटते, पक्की वावडी नेहमी अशीच घडते. ती पूर्ण खोट्यातून उभी राहत नाही. दोन खरे तुकडे शेजारी ठेवले जातात आणि त्यांच्यामधला सांधा तेवढा खोटा असतो. तुकडे तपासायला गेलात तर दोन्ही खरे निघतात, म्हणून विश्वास आणखी घट्ट होतो. सांधा तपासायचे कोणाच्या लक्षात येत नाही.

एका दिवसाची अपात्रता

३० नोव्हेंबरला ऑबर्नने न्यूटनला अपात्र जाहीर केले. १ डिसेंबरला एनसीएएने त्याला पुन्हा पात्र ठरवले. अनेकांना हा तमाशा वाटला, आणि खरे सांगायचे तर बाहेरून तो तसाच दिसत होता. पण त्यामागची पद्धत अशी: नियमभंग झाला असे एनसीएएने एकदा म्हटले की विद्यापीठाने खेळाडूला आधी अपात्र ठरवायचे आणि मग पुनर्विचाराचा अर्ज करायचा. तो अर्ज चोवीस तासांत मान्य झाला.

निर्णयातला मजकूर बारकाईने वाचण्यासारखा होता. वडील आणि तो मधला माणूस, जो होतकरू खेळाडू हेरणाऱ्या एका स्काउटिंग कंपनीचा मालक होता, या दोघांनी मिळून मुलाच्या प्रवेशाच्या बदल्यात पैसे मिळवण्याचा प्रयत्न केला, हे एनसीएएने मान्य केले. मुलाला किंवा ऑबर्नमधल्या कोणाला याची कल्पना होती असा पुरेसा पुरावा ‘सध्या’ नाही, असेही म्हटले. वडिलांचा संघाशी असलेला संपर्क मर्यादित करण्यात आला, आणि मिसिसिपी स्टेटने त्या मधल्या माणसाशी संबंध तोडले.

बाकी देश खवळला. वडिलांनी मागितले आणि मुलाला शिक्षा नाही, तर उद्या प्रत्येक बाप मागेल आणि मुलगा ‘मला काय माहीत’ म्हणेल, असा आक्षेप होता. तो अगदी रास्त होता. रेजी बुशच्या विद्यापीठाने, सदर्न कॅलिफोर्नियाने, विचारले की आमच्यावर हंगामानंतरच्या सामन्यांसाठी दोन वर्षांची बंदी आणि ३० शिष्यवृत्त्यांची कपात, मग यांना काहीच कसे नाही? फरक इतकाच होता की बुशच्या प्रकरणात लाभ घेतला गेल्याचे एनसीएएने धरले होते, आणि इथे मागणी रिकाम्या हाती परतली होती. फक्त मागणी झाली आणि मुलाला कल्पना नव्हती, अशा प्रसंगी काय करायचे हे नियमात लिहिलेलेच नव्हते. ती फट एनसीएएने जानेवारी २०१२ मध्ये बुजवली. एजंटाच्या व्याख्येत आईबापांसकट अशा प्रत्येकाला आणले, जो स्वतःच्या फायद्यासाठी खेळाडूचा सौदा करतो. म्हणजे २०१० मध्ये न्यूटनला खेळू दिले ते त्या वेळच्या नियमाप्रमाणे बरोबर होते, आणि तो नियम अपुरा होता. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

पण ‘सध्या’ या शब्दाने आणखी दहा महिने जळण पुरवले. चौकशी बंद झाली असे कोणी म्हटले नव्हते. २०११च्या उन्हाळ्यात सट्ट्याचे भाव सांगणाऱ्या एका नामांकित विश्लेषकाने फाइनबॉमच्या कार्यक्रमात सांगितले की ऑबर्नसाठी पैसे पोचवणाऱ्या माणसाचे नाव एनसीएएला कळले आहे. एनसीएएने ते नाकारले. पुढे तो पुन्हा कार्यक्रमात आला तेव्हा नाव ऐकायला सगळे राज्य रेडिओला कान लावून बसले होते. वकिलांच्या सल्ल्याचे कारण देऊन त्याने नाव सांगितले नाही.

ऑक्टोबर २०११ मध्ये एनसीएएने चौकशी बंद केली. ५० हून अधिक मुलाखती घेतल्या, बँकेची आणि कराची कागदपत्रे, फोन आणि ईमेलच्या नोंदी तपासल्या, आणि ऑबर्नकडून कोणताही मोठा नियमभंग आढळला नाही. बातमी आली, पण २०१०च्या बातमीइतकी ती कोणी वाचली नाही.

चाहते

मैदानावर न्यूटन थांबला नाही. २६ नोव्हेंबर २०१० च्या आयर्न बोलमध्ये तो टस्कलूसाला उतरला तेव्हा सामन्याआधी मैदानाच्या भोंग्यांवर दोन जुनी गाणी मुद्दाम लावली गेली, एक पैसे घेऊन पळणाऱ्यांचे आणि एक धर्मोपदेशकाच्या मुलाचे. सिद्ध काही झालेले नव्हते, आणि यजमान विद्यापीठाच्या भोंग्यातून एका विद्यार्थ्याची त्याच्या बापावरून खिल्ली उडवली जात होती. गाणी लावणाऱ्याला विद्यापीठाने काढून टाकले, हे योग्यच केले. ऑबर्न २४-० असा मागे पडला आणि २८-२७ ने जिंकला. डिसेंबरमध्ये न्यूटनला हाइझमन मिळाला. वडील समारंभाला आले नाहीत. १० जानेवारी २०११ रोजी ऑबर्नने ओरेगनला २२-१९ ने हरवून १९५७ नंतरचे पहिले राष्ट्रीय विजेतेपद मिळवले.

ऑबर्नचे चाहते निर्दोष होते असे नाही. मागणी झाल्याचे एनसीएएने मान्य केल्यावरही त्यांच्यातले कित्येक ‘सगळा बनाव आहे’ हेच म्हणत राहिले. जॉन बॉण्ड यांना खोटारडे ठरवले गेले, आणि मुद्द्याच्या गोष्टीत तर ते खरे निघाले होते. अलाबामाकडे ‘दिलेच असणार’, ऑबर्नकडे ‘मागितलेच नाहीत’. दोन्ही बाजू पुराव्यापासून सारख्याच अंतरावर उभ्या होत्या.

या रागाचे टोक जिथे गेले तो प्रसंग आठवला की अजून वाईट वाटते. ऑबर्न गावात टूमर्स कॉर्नर नावाचा चौक आहे. तिथे दोन ओक वृक्ष होते, सव्वाशे वर्षांहून जुने. संघ जिंकला की लोक त्यांच्यावर टॉयलेट पेपरच्या गुंडाळ्या उडवून आनंद साजरा करत. २७ जानेवारी २०११ रोजी फाइनबॉमच्या कार्यक्रमात ‘डेडव्हिलचा अल’ अशी ओळख देत एका माणसाने फोन केला. आयर्न बोलनंतर अलाबामाचे दिवंगत प्रशिक्षक बेअर ब्रायंट यांच्या पुतळ्यावर न्यूटनची जर्सी चढवलेली आपण पाहिली, असे तो म्हणाला. मग त्याने सांगितले की टूमर्सच्या झाडांना आपण विष घातले आहे, आणि ती नक्की मरणार. ऐकणाऱ्यांना ही बढाई वाटली. विद्यापीठाने माती तपासली आणि स्पाइक ८०डीएफ हे जालीम तणनाशक सापडले. हार्वी अपडाइक या ६२ वर्षांच्या निवृत्त पोलिसाला फेब्रुवारीत अटक झाली. २०१३ मध्ये त्याने गुन्हा कबूल केला, तुरुंगवास भोगला. झाडे वाचवायचे सगळे प्रयत्न फसले आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये ती काढावी लागली. अलाबामाच्याच चाहत्यांनी त्या झाडांसाठी वर्गणी काढून सुमारे ५० हजार डॉलर जमवले होते, हेही त्याच गोष्टीचा भाग आहे आणि ते फारसे सांगितले जात नाही.

आज काय बदलले

ज्या नियमामुळे हे सारे घडले तो आता उरलेला नाही. जून २०२१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्यात एनसीएएविरुद्ध ९-० असा निकाल दिला. त्याच वर्षी १ जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर, चेहऱ्यावर जाहिरातींतून कमावायची मुभा मिळाली. एप्रिल २०२४ मध्ये रेजी बुशला हाइझमन परत मिळाला. २०२५-२६ पासून विद्यापीठे स्वतः खेळाडूंना पैसे देऊ लागली, पहिल्या वर्षी एका विद्यापीठाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. आघाडीच्या क्वार्टरबॅकच्या बाबतीत १ लाख ८० हजार हा आकडा आज कोणाच्या भुवया उंचावणार नाही.

वावड्या मात्र थांबलेल्या नाहीत, त्यांची दिशा बदलली. पूर्वी कुजबूज असायची की याने पैसे घेतले का. आता कुजबूज असते की याने किती घेतले आणि किती मागतो आहे. करार उघड होत नाहीत, त्यामुळे बाहेर येणारा आकडा बहुधा कोणीतरी मुद्दाम सोडलेला असतो. एजंटाला तो फुगवून सांगण्यात फायदा, कारण पुढचा सौदा त्यावर ठरतो. खेळाडू सोडून जात असेल तर जुन्या संघालाही तो फुगवून सांगण्यात फायदा, कारण मग दोष लोभाचा ठरतो. म्हणून अशी बातमी वाचताना मी आकड्याआधी एवढेच पाहतो की तो कोणाच्या तोंडून आला आहे.

एप्रिल २०२५ मध्ये टेनेसीचा क्वार्टरबॅक निको यामालियावा सरावाला आला नाही. त्याला सुमारे २४ लाख डॉलर मिळत होते आणि तो ४० लाख मागत होता, असे आकडे निनावी सूत्रांच्या हवाल्याने छापून आले. त्याच्या वडिलांनी ते जाहीरपणे नाकारले. टेनेसीने त्याच्याशिवाय पुढे जायचे ठरवले, काही चाहत्यांनी त्याला पैशांसाठी पळालेला ठरवले, आणि तो लॉस एंजेलिसला यूसीएलएमध्ये गेला. यावेळी नियम कोणीच मोडला नव्हता, त्यामुळे चौकशी झाली नाही. ५० मुलाखती घेऊन, बँकेची कागदपत्रे पाहून आकडा खरा की खोटा हे सांगणारे कोणीही नाही.